डाळिंबाच्या खोडातला बारीक भुंगेरा : कधी उडतो, कसा वाढतो आणि त्याला नेमका कुठे गाठायचा

खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि बुंध्याशी सांडलेला पिठूळ भुसा दिसला, की साक्री, शिरपूर, पारोळा, चाळीसगाव भागातल्या डाळिंब बागायतदाराची पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असते. तिथून आळवणीसाठी एखादं आंतरप्रवाही कीटकनाशक येतं, ते झाडाला पाजलं जातं, भुसा काही दिवस थांबल्यासारखा वाटतो आणि महिन्याभराने शेजारच्या चार झाडांवर तीच भोकं दिसतात. औषध बनावट असेलच असं नाही. किडीचा स्वभाव लक्षात न घेता ते वापरलेलं असतं.

हा भुंगेरा लाकूड खात नाही. तो लाकडात बोगदा कोरतो, त्या बोगद्याच्या भिंतींवर स्वतःसोबत आणलेली बुरशी लावतो आणि त्या बुरशीवरच त्याची अख्खी पिढी पोसली जाते. कोरलेलं लाकूड भुसा म्हणून बाहेर ढकललं जातं, पोटात जात नाही. म्हणून झाडाच्या रसात मिसळलेलं विष त्याच्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. फवारा आत शिरत नाही. मादी बोगद्याचं तोंड स्वतःच्या अंगाने बुजवून बसते, त्यामुळे भोकात पिचकारी मारूनही फारसं साधत नाही. तिच्या आयुष्यातला उघड्यावरचा काळ फार थोडा असतो: जुन्या लाकडातून बाहेर पडून नव्या झाडावर उतरेपर्यंतचा. सगळी योजना ह्या थोड्या काळाभोवती आखायची आहे, आणि त्यासाठी आधी तिची उडण्याची व विणीची रीत नीट कळायला हवी.

आधी ओळख पक्की करा

खोडातल्या प्रत्येक किडीला आपल्याकडे ‘खोडकिडा’ म्हणतात, आणि उपाय चुकायला तिथूनच सुरुवात होते. बागेत जाताना टॉर्च, धारदार चाकू, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक तार आणि रंगाचा डबा एवढं सोबत घ्या.

बुंध्याची माती बोटाने ५ ते ८ सेंमी उकरा. ह्या किडीची सुरुवातीची भोकं बऱ्याचदा जमिनीलगत आणि मातीखालच्या मानेवर (खोड मुळांना मिळतं त्या भागावर) असतात, वरून दिसतच नाहीत. भोक गोल, स्वच्छ कडेचं आणि जेमतेम १ मिमीचं असतं. साध्या टाचणीचं टोक जाईल एवढं. भुसा मैद्यासारखा बारीक, ताजा असताना पांढुरका असतो. काही जातींत तो दाबला जाऊन काडीसारखा भोकातून बाहेर उभा राहतो, पण डाळिंबावर बहुधा पीठच सांडलेलं दिसतं.

भोक ३ मिमी किंवा त्याहून मोठं असेल, तर तो दुसरा कुणीतरी आहे. वाळक्या फांद्यांत आणि बांबूत शिरणारे भुंगेरे अशी भोकं पाडतात. खोडाच्या बेचक्यात जाळीत गुंफलेली लेंड्यांची व भुश्याची माळ दिसली तर ती साल खाणारी अळी. ती रात्री बाहेर येऊन साल खाते, दिवसा भोकात लपते. जाड भुसा आणि करंगळी जाईल असं भोक म्हणजे लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची अळी. ह्या दोन्हींसाठी तार घालणं, औषधाचा बोळा घालून चिखलाने भोक लिंपणं हे जुने उपाय चालतात. बारीक भुंगेऱ्याला ते लागू पडत नाहीत, कारण एका खोडावर अशी भोकं शेकड्यात असू शकतात आणि त्यांत तार जात नाही.

किडा हाती लागला तर भिंगाखाली बघा. मादी २ ते २.५ मिमी लांब, दंडगोल, तांबूस तपकिरी ते काळी असते. डोकं वरून दिसत नाही, छातीच्या ढालीखाली झाकलेलं असतं. डाळिंबावर आढळणाऱ्या जाती युवालेशिया आणि झायलेबोरस ह्या गटांतल्या. चहाच्या मळ्यांत कुप्रसिद्ध असलेला भुंगेरा युवालेशिया गटातलाच. त्याला बरीच वर्षं एकच जात समजलं जात होतं, पण अलीकडच्या अभ्यासांत त्याच्या सारख्याच दिसणाऱ्या अनेक जाती वेगळ्या काढल्या गेल्या आहेत. बागेत त्या डोळ्यांनी ओळखू येणार नाहीत आणि ओळखायची गरजही नाही. फक्त एक फरक सापळ्यासाठी महत्त्वाचा आहे, तो पुढे येतो.

बोगद्याच्या आत काय चालतं

उडतात त्या फक्त माद्या. नर लहान, खुजा, उडता न येणारा असतो आणि बहुतेक जन्मभर जिथे जन्मला त्याच बोगद्यात राहतो. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. एका विणीत माद्याच जास्त. दहा-पंधरा बहिणींमागे एखादा भाऊ, असं कमीजास्त प्रमाण असतं. भाऊबहिणींचं मीलन बोगद्यातच उरकतं, आणि बाहेर पडणारी मादी आधीच फळलेली असते. तिला नव्या झाडावर जोडीदार शोधायचा नसतो. फळलेली नसली तरी अडत नाही: ती अफलित अंडी घालून मुलगे काढते आणि त्यांच्यापासून पुढची वीण करते.

ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की बागेत पोचलेली एकटी मादीसुद्धा नवा संसार मांडू शकते. नर पकडून वीण तोडायचे जे सापळे बोंडअळीसाठी चालतात, त्यांचा इथे उपयोग नाही.

नव्या झाडावर उतरल्यावर मादी सालीतून आत शिरते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत लाकडापर्यंत पोचते. तिच्या तोंडाजवळच्या खास पिशव्यांत बुरशीचे बीजाणू असतात. ते भिंतीवर लागून बुरशी वाढेपर्यंत ती अंडी घालत नाही. त्यात काही दिवस जातात. लाकूड कोरडं निघालं, झाडाने जोरात रस सोडला किंवा बुरशी धरली नाही, तर ती बोगदा सोडून निघून जाते. म्हणून प्रत्येक भोकात वीण असतेच असं नाही. दहा भोकं मोजली म्हणजे दहा घरं मोजली, असं समजू नका.

बुरशी धरली की अंडी, अळ्या, कोष सगळं एकाच बोगद्यात एकाच वेळी सापडतं. अनुकूल तापमानात अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. १५ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते, ३० अंशांच्या आसपास ती सर्वांत वेगात असते आणि त्याच्या फार वर गेलं की वीण मार खाते. खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पण जाड, ओलसर खोडाच्या आत आणि जमिनीखालच्या मानेत तेवढी उष्णता पोचत नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या बारीक फांद्यांतली वीण मरते, बुंध्यातली तगते. छाटलेल्या काड्यांपेक्षा बुंधे आणि जाड फांद्यांची चिंता जास्त करायची ती ह्यासाठी.

ती कधी उडते

थंड देशांतल्या माहितीत ‘वसंतात पहिली ऊब आली की उड्डाण’ असं वाचायला मिळतं. दिवसाचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की ह्या गटातले भुंगेरे उडू लागतात, असा तिथला ढोबळ नियम आहे. तो इथे जसाच्या तसा लावला तर वर्षभर उड्डाण असतं असाच अर्थ निघेल, कारण धुळे-जळगावात थंडीतही दुपारी पारा बहुतेक २० च्या वरच असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा सकाळचं उड्डाण खुंटतं, एवढंच. आपल्याकडे तारीख ठरते ती झाडाच्या अवस्थेवरून.

मादीला झाड सापडतं ते वासावरून. मुळांना हवा मिळाली नाही की त्यांत आंबण्याची क्रिया सुरू होऊन इथाइल अल्कोहोल तयार होतं, रसासोबत वर चढतं आणि सालीतून झिरपतं. बऱ्याच जातींना हाच वास बोलावतो. अल्कोहोल त्यांच्या बुरशीलाही मानवतं आणि दुसऱ्या बुरशांना रोखतं, त्यामुळे असं लाकूड त्यांच्यासाठी तयार वाफ्यासारखं असतं. अमेरिकेत रोपवाटिकांवरच्या प्रयोगांत कुंडीत पाणी तुंबवलेल्या झाडांवर भुंगेरे उतरले आणि शेजारच्या निचऱ्याच्या झाडांना त्यांनी जवळपास शिवलंही नाही. कोरड्या ताणाचा परिणाम त्या मानाने फारच कमी दिसला.

ही गोष्ट डाळिंबवाल्याने नीट ध्यानात घ्यावी, कारण बहाराचा ताण दिला (फुलं एकदम यावीत म्हणून पाणी तोडलं) की झाड अशक्त होतं आणि म्हणून भुंगेरा येतो, असा सरसकट समज आहे. जास्त धोका आहे तो ताण तोडताना. महिना-सव्वा महिना कोरडं ठेवलेल्या भारी जमिनीला एकदम रात्रभर ड्रिप सोडलं, की बारीक मुळ्या गुदमरतात. दुसरा धोका सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. तापी, गिरणा, पांझरा, गोमाईकाठच्या काळ्या जमिनीत तेव्हा बुंध्याशी दोन-दोन दिवस पाणी उभं असतं. म्हणून पहारा वाढवायचे काळ दोन: मोठा पाऊस तुंबल्यानंतरचे सहा आठवडे आणि बहाराचं पहिलं पाणी दिल्यानंतरचे सहा आठवडे. मर रोगाने सुकत चाललेलं झाड मात्र कोणत्याही महिन्यात भुंगेरे ओढतं.

दिवसातली वेळ जातीवर अवलंबून आहे. चहावरचा भुंगेरा आणि त्याचे भाऊबंद उजेडात उडतात, दुपार ते तिसरा प्रहर ही त्यांची गर्दीची वेळ. झायलेबोरसच्या कित्येक जाती मात्र दिवस कलल्यावर, संधिप्रकाशात उडतात. वारा जोराचा असेल तर दोघंही बसून राहतात. बोगद्यातून निघालेली मादी आधी उजेडाकडे झेपावते, थोडं उडल्यावर वासाकडे वळते. बहुतेक उड्डाण जमिनीलगत, माणसाच्या कमरेच्या आसपास चालतं, आणि बऱ्याच माद्या फार लांब जातच नाहीत. काही तर जन्माच्याच झाडावर नवं भोक पाडतात. त्यामुळे बागेत प्रादुर्भाव ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतो: एक झाड, मग त्याच्या भोवतालची. लांबचा पल्ला त्या गाठतात तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, सरपणासोबत.

पहाऱ्याचा सापळा

दोन लिटरची पाण्याची किंवा थंड पेयाची पारदर्शक बाटली घ्या. तिच्या भिंतीला, बुडाकडच्या अर्ध्या भागात, साधारण ५ × ८ सेंमीच्या तीन खिडक्या कापा. बाटली उलटी, बूच खाली करून टांगा. बूच घट्ट लावून गळ्याच्या भागात १५० मिली पाणी आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका. साबण बिनवासाचा असेल तर उत्तम. साबणाशिवाय भुंगेरे पाण्यावर तरंगतात आणि पुन्हा उडतात.

आमिष म्हणून हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर चालतं, पण लेबल वाचून घ्या. त्यात ६० ते ७० टक्के इथाइल अल्कोहोल हवं. बाजारातली बरीच सॅनिटायझर आयसोप्रोपाइल अल्कोहोलची असतात, ती ह्या कामाला निरुपयोगी. ३० ते ५० मिली आमिष एका छोट्या उघड्या डबीत घालून ती तारेने बाटलीत वरच्या बाजूला अडकवा. जेल असेल तर हळू उडून जातं, म्हणून पातळ द्रवापेक्षा जेल बरं. हिवाळ्यात आठवड्याने बदला. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांतच कोरडं पडतं, आणि कोरड्या आमिषाचा रिकामा सापळा बघून ‘कीड नाही’ असं नोंदवणं ही सर्रास होणारी चूक.

सापळा जमिनीपासून अर्धा ते एक मीटर उंचीवर लावा. झाडाच्या फांदीला टांगू नका. बागेच्या कडेपासून १०-१५ मीटर बाहेर, बांधाकडे, काठी रोवून तिला टांगा, नाहीतर आमिषाने ओढलेल्या माद्या सापळ्याऐवजी शेजारच्या झाडावर उतरतील. एकरी दोन ते चार पुरेत. हा पहारा आहे, बंदोबस्त नव्हे; जास्त बाटल्या लावून भुंगेरे संपत नाहीत.

पहिल्या आठवड्यात सापळा दिवसातून तीनदा बघा: दुपारी १२ ला, ४ ला आणि अंधार पडल्यावर. पाणी चहाच्या गाळणीतून नव्हे, पांढऱ्या फडक्यातून गाळा. गाळणीच्या जाळीतून हे किडे सुटतात. कोणत्या वेळी जास्त सापडतात ते कळलं की खोडावरची फवारणी कधी करायची ते ठरतं. नंतर आठवड्यातून एकदा मोजणी पुरे.

आता मघाशी राखून ठेवलेला फरक. झायलेबोरस गटातले भुंगेरे अल्कोहोलच्या सापळ्यात चांगले येतात. युवालेशियाला अल्कोहोलचं आकर्षण फारसं नसतं, त्याला क्वेर्सिव्हेरॉल नावाचं दुसरंच रसायन ओढतं. म्हणून सापळ्यात भुंगेरे आले तर कीड आहे हे नक्की, पण सापळा रिकामा राहिला तर बाग स्वच्छ आहे असं धरता येत नाही. खोडाची तपासणी कुठल्याही सापळ्याने चुकत नाही.

खोडावरची मोजणी

ओळीतल्या प्रत्येक दहाव्या झाडाला क्रमांक द्या, शिवाय सखल जागेतली आणि मेलेल्या झाडाशेजारची सगळी झाडं यादीत घ्या. पहिल्या दिवशी दिसलेल्या प्रत्येक भोकाशेजारी पांढरा ठिपका द्या. पुढच्या आठवड्यात नवी भोकं पिवळ्या ठिपक्याने, त्याच्या पुढच्या आठवड्यात निळ्या. तीन आठवड्यांत खोडच तुम्हाला सांगतं की हल्ला वाढतोय की थांबलाय. वहीतल्या आकड्यांपेक्षा हे जास्त खात्रीचं, कारण बघणारा माणूस बदलला तरी रंग बदलत नाही.

आत कुणी जिवंत आहे का, हे कळायला संध्याकाळी भोकावरचा भुसा ब्रशने झाडून टाका. सकाळी ताजा पांढरा भुसा दिसला तर मादी कामावर आहे. कड काळवंडलेली, भुसा नाही, आजूबाजूला ओलसर डाग: तो बोगदा बहुधा सोडून दिलेला किंवा रिकामा झालेला. खात्रीसाठी साल चाकूने तासून एक-दोन बोगदे उघडा. आत पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या दिसल्या तर वीण सुरू आहे. भुरे, फिकट तपकिरी भुंगेरे दिसले तर ते नुकते कोषातून निघालेले, अजून रंग न धरलेले. म्हणजे उड्डाणाला थोडेच दिवस उरलेत आणि ते खोड आजच्या आज हलवायला हवं.

बाहेर पडणाऱ्या माद्या मोजायच्या असतील, तर कापलेल्या बुंध्याचा ४५ सेंमीचा तुकडा २० लिटरच्या झाकणाच्या गडद बादलीत ठेवा. बादलीच्या भिंतीला भोक पाडून त्यात पारदर्शक छोटी बाटली बसवा. माद्या उजेडाकडे जातात, त्यामुळे बाटलीत गोळा होतात. तुकड्याची दोन्ही टोकं मेणाने बंद करा, नाहीतर लाकूड आठवड्यात सुकतं, बुरशी मरते आणि काहीच निघत नाही. बादली सावलीत ठेवा. उभ्या झाडावर हेच करायला खोडाभोवती कापड बांधणार असाल तर घट्ट विणीची मलमल घ्या. मच्छरदाणीचा काहीही उपयोग नाही, भुंगेऱ्याचं अंग १ मिमीहून कमी रुंद असतं.

कोणतं झाड ठेवायचं, कोणतं काढायचं

डाळिंबाला तीन-चार खोडं ठेवलेली असतात, हे इथे उपयोगी पडतं. एकाच खोडावर ताजी भोकं असतील आणि बाकीची पालवी हिरवी असेल, तर ते एक खोड शेवटच्या भोकाच्या खालून, स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत कापा. कापाचा रंग नीट बघा. लाकडात राखाडी-तपकिरी, ताऱ्यासारखी पसरलेली छटा असेल तर भुंगेऱ्याच्या आधी मर रोगाची सेराटोसिस्टिस बुरशी आत आहे. मग एक खोड कापून भागणार नाही, मुळांसह पूर्ण झाड काढायला हवं. ह्या बुरशीचे बीजाणू भुंगेऱ्याच्या भुश्यातूनही पसरू शकतात, म्हणून बुंध्याशी सांडलेला भुसा फुंकू नका, झाडू नका. ओल्या मातीसह खरवडून पिशवीत भरा. कापणीची करवत प्रत्येक झाडानंतर ७० टक्के स्पिरिटने पुसा.

निम्म्याहून जास्त खोडांवर ताजा भुसा, पानं पिवळी, फळं लोंबकळून सुकलेली, असं झाड वाचवायच्या भानगडीत पडू नये. ते उभं ठेवल्याने फक्त पुढच्या पिढीची सोय होते. पहिला भुसा दिसल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत ते बागेबाहेर जायला हवं, कारण त्यानंतर माद्या निघू लागतात. काम सकाळी लवकर करा, उड्डाणाच्या वेळी नको.

काढलेल्या लाकडाचं काय होतं, ह्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. बांधावर रचून ठेवलेले बुंधे म्हणजे भुंगेऱ्यांची पेढी: महिना-दोन महिने त्यांतून माद्या निघत राहतात. ‘सरपणाला कामी येईल’ हा मोह टाळा. वांग्याचं भरीत भाजायला कपाशीच्या काड्या आहेतच की! बुंधा त्याच दिवशी खड्ड्यात जाळा. ओलं लाकूड जळत नसेल तर यंत्राने २.५ सेंमीहून बारीक तुकडे करा. तेवढ्या तुकड्यांत ओल टिकत नाही आणि वीण तगत नाही. यंत्र नसेल तर एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तिसरा मार्ग आहे: लाकूड उन्हात एका थरात पसरा, वर पारदर्शक जाड प्लास्टिक घाला, चारी कडा मातीने दाबा आणि सहा आठवडे उघडू नका. ढीग केलात तर मधली लाकडं तापत नाहीत. पावसाळ्यात आणि थंडीत ह्या पद्धतीवर विसंबू नका.

ट्रॉलीतून नेताना ताडपत्री झाका, आणि दुसऱ्याच्या डाळिंबाच्या वावरातून नेऊ नका.

लेप : काय साधतो, काय नाही

लेपाचं काम मादीला खोडावर उतरून आत शिरू न देणं. आत असलेल्याला तो मारत नाही. म्हणून तो निरोगी आणि नुकत्या लागण झालेल्या झाडांना लावायचा, पूर्ण पोखरलेल्याला नाही.

१० लिटर पाण्यात ४ किलो गेरू रात्रभर भिजवा. सकाळी खडे राहू नयेत म्हणून जाड कापडातून गाळा. २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची वेगळ्या भांड्यात पेस्ट करून त्यात मिसळा. कीटकनाशक सर्वांत शेवटी. जुन्या शिफारशीत क्लोरपायरीफॉस २० ईसी २० मिली हे प्रमाण सर्वत्र सांगितलं जातं, पण युरोपीय संघाने २०२० मध्ये ह्या कीटकनाशकाची मान्यता काढून घेतली आहे. निर्यातीच्या बागेत ते वापरू नये. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची त्या हंगामाची यादी किंवा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊन त्यातलं लेबलवर डाळिंब असलेलं औषध घ्या. हातमोजे घालूनच ढवळा.

बुंध्याची माती ५-८ सेंमी बाजूला करा, खोड कोरड्या ब्रशने घासा, मग मातीखालच्या मानेपासून दोन-अडीच फुटांपर्यंत लेप लावा. खोडांच्या मधल्या बेचक्यात आणि मागच्या बाजूला ब्रश जात नाही, आणि नेमकी तिथेच भोकं सापडतात. छोटा, वाकडा ब्रश वेगळा ठेवा. १० लिटरमध्ये खोडांच्या जाडीनुसार साधारण २० ते ३० झाडं होतात; साठ झाडं उरकली असं मजूर सांगत असेल तर लेप पातळ झालाय. ओल्या सालीवर लेप धरत नाही. पावसाच्या सरी चालू असताना लावलेला दुसऱ्या दिवशी जमिनीवर दिसतो. छाटणीनंतर एकदा आणि परतीचा पाऊस उघडल्यावर एकदा, असं वर्षातून किमान दोनदा.

फवारणी करायची झाली तर ती फक्त खोडावर, नोझल खाली धरून, सापळ्याने दाखवलेल्या उड्डाणाच्या वेळेच्या आधी तास-दोन तास. फुलोऱ्यात मधमाश्या फिरत असताना टाळा. पानांवर मारलेलं औषध ह्या किडीसाठी वाया जातं.

पाणी

लेपापेक्षा जास्त परिणाम इथे होतो, आणि खर्च कमी. आधी निचरा तपासा. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, मुरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि तासातासाने पातळी मोजा. तासाला २.५ सेंमीहून कमी उतरत असेल तर त्या जागेत डाळिंबाची मुळं पावसाळ्यात गुदमरणारच. तिथे गादीवाफा उंच करा, दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढा आणि चराचं तोंड बांधाबाहेर मोकळं ठेवा. चर काढून शेवट बंद ठेवलेल्या बागा बऱ्याच दिसतात. तो चर पाणी काढत नाही, साठवतो.

ड्रिपची नळी बुंध्याला चिकटून असेल तर ड्रिपर खोडापासून ३० ते ४५ सेंमी लांब न्या. लागवडीच्या वेळी जवळ लावलेले ड्रिपर तिसऱ्या-चौथ्या वर्षी तसेच राहतात आणि मान कायम ओली राहते. बुंध्याशी शेणखताचा ढीग लावू नका, त्यानेही मान ओली राहते आणि भोकं दिसत नाहीत.

ताण तोडताना पहिलं पाणी एकदम न देता तीन-चार दिवसांत विभागून द्या. भारी जमिनीत दुसऱ्या पाण्याआधी फूटभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिखल लागत असेल तर एक दिवस थांबा.

उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या दुपारच्या उन्हाने साल भाजते आणि तडकते. छाटणी करताना त्या बाजूच्या एक-दोन फांद्या राखल्या तर खोडावर सावली राहते. गेरूच्या लेपाचा इथेही थोडा उपयोग होतो.

काढलेल्या झाडाची जागा

खड्डा मुळ्या वेचून काढून उन्हाळाभर उघडा ठेवा. उरलेल्या जाड मुळ्यांतसुद्धा भुंगेरे आणि मर रोगाची बुरशी दोन्ही टिकतात, म्हणून बोटाएवढी मुळीही मातीत सोडू नये. त्याच पावसाळ्यात त्याच जागी नवं रोप लावायची घाई करू नका. भोवतालच्या सर्व झाडांचे बुंधे पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला उकरून बघा. नवी रोपं विकत घेताना मानेजवळची पिशवीतली माती थोडी बाजूला करून सालीवरून बोट फिरवा. पेन्सिलीहून जाड खोडाच्या, जुनाट, पिशवीत पाणी तुंबलेल्या रोपांवर बारीक भोकं असण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि एक भोक दिसलं तरी ती पूर्ण खेप परत पाठवा.